ऑपरेशननंतरची पोटातली चिकटण आणि आपली हळद

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीतील एका निवृत्त सर्जन भगिनींनी दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. प्रश्नोत्तरांचा भाग जागेअभावी थोडा कमी केला आहे. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ म्हटलं तेव्हा मला वाटलं, ब्लडप्रेशर नाहीतर शुगर हवी असणार. पण विषय त्यांनीच काढला. आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरला होता, आठवत असेल. ‘पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी रोज सकाळी हळद, मध आणि चमचाभर एरंडेल घ्यावं, आत झालेल्या चिकटणी विरघळून जातात.’ त्याखाली बावीस अंगठे होते, मी मोजले. आणि नंतर चौघींनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये गाठून विचारलं, घेऊ का म्हणून.

आधी एक विचारते. या हॉलमध्ये पोटाचं ऑपरेशन कोणाकोणाचं झालंय? सिझेरियन, अपेंडिक्स, गर्भाशय, पित्ताशय, काहीही. लाजू नका, हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात आहेत. तेव्हा विषय आपलाच आहे.

चिकटण म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, कारण ते कळलं की मेसेजचं काय करायचं ते आपोआप कळतं. आपल्या पोटात जवळजवळ वीस फूट लांबीचं लहान आतडं गुंडाळून ठेवलेलं असतं. ते सतत हलत असतं, आणि हलताना एकमेकांवर घासत नाही, कारण त्याच्यावर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर एक अतिशय पातळ, गुळगुळीत पडदा असतो. त्याला उदरावरण म्हणतात. त्याचा वरचा थर एका पेशीच्या जाडीचा. थोडासा ओलावा असतो, त्यावर सगळं सरकतं. शेवया उकळून तशाच ठेवल्या तर त्यांचा गोळा होतो आणि तुपाचा हात लावला की मोकळ्या राहतात, तसं काहीसं.

ऑपरेशनमध्ये या पडद्याला धक्का लागतो. आमचा हात लागतो, गॉज लागतो, दिव्याखाली तो सुकतो, रक्त सांडतं, टाके पडतात. मग शरीर जे गुडघा खरचटल्यावर करतं तेच आत करतं. जखमेवर फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ पाझरतो. बाहेर त्याची खपली होते, आत त्याने शेजारच्या दोन गोष्टी एकमेकींना डकतात. आता गंमत अशी की शरीराकडे हे फायब्रिन विरघळवण्याची स्वतःची व्यवस्थाही असते. सगळं ठीक असेल तर साधारण तीन दिवसांत ते विरघळून जातं आणि पाच ते सात दिवसांत पडद्यावर नवीन थर येतो. पण ऑपरेशनमुळे, जंतुसंसर्गामुळे किंवा त्या भागाचा रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे नेमकी हीच व्यवस्था काही दिवस मंदावते. मग फायब्रिन तसंच राहतं, त्यात पेशी शिरतात, तंतू तयार होतात, रक्तवाहिन्या येतात. झाली चिकटण. कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी विरळ, कधी दोरीसारखी जाड.

हे ‘तीन दिवस’ आणि ‘एक आठवडा’ लक्षात ठेवा. चिकटण होणार की नाही याचा निकाल बहुतेक पहिल्या आठवड्यातच लागतो. त्यानंतर जे उरतं तो साचलेला चिकटा नसतो, तो तुमच्या शरीराचा जिवंत भाग असतो. त्यात रक्त वाहतं. बारा वर्षांपूर्वीच्या सिझेरियनची चिकटण आज सकाळच्या काढ्याने विरघळायची असेल, तर त्याच काढ्याने आतडंही विरघळायला हवं. दोन्ही मांसच.

बरं, चिकटण म्हणजे फक्त शत्रू असंही नाही. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा पदरासारखा लोंबत असतो. अपेंडिक्स पिकलं की तो तिथे जाऊन चिकटतो आणि पू सगळ्या पोटात पसरू देत नाही. सर्जन मंडळी त्याला पोटातला पोलीस म्हणतात. म्हणजे चिकटण्याची ही शक्ती निसर्गाने आपल्याला वाचवण्यासाठीच दिली आहे. फक्त काम झाल्यावर ती कधीकधी घरी जात नाही.

बहुतेकांना याचा काहीही त्रास होत नाही. मोठी ऑपरेशनं झालेल्या बहुसंख्य लोकांच्या पोटात थोड्याफार चिकटणी असतातच आणि ते सुखाने पुरणपोळी खातात. पण काहींना होतो. स्कॉटलंडमध्ये 1986 साली पोटाची किंवा ओटीपोटाची उघडी शस्त्रक्रिया झालेल्या जवळजवळ तीस हजार लोकांचा पुढची दहा वर्षं हिशेब ठेवला गेला आणि तो 1999 साली लॅन्सेट या साप्ताहिकात आला. चिकटणीशी नक्की किंवा कदाचित संबंध असलेल्या कारणासाठी साधारण तीनांतल्या एकाला पुन्हा हॉस्पिटलात यावं लागलं होतं, तेही सरासरी दोन वेळा. लहान आतडं अडण्याचं सगळ्यात मोठं कारण आज चिकटण हेच आहे. आपल्याकडे पोटाचा टीबी हेही एक कारण असतं, ऑपरेशन न होताही त्याने आतडी चिकटतात. शिवाय बायकांमध्ये नळ्या चिकटून मूल राहायला अडचण येते, आणि दुसरं ऑपरेशन करायचं झालं तर सर्जनला आत जायलाच तास लागतो.

आता हळद. हळदीबद्दल मला प्रेम आहे हे आधीच सांगते. जखमेवर हळद लावणं हे आपलं जुनं ज्ञान आहे म्हणून अमेरिकेत त्यावर दिलेलं पेटंट 1997 साली रद्द झालं, आणि ती लढाई डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने लढली. तेव्हा आम्ही हॉस्पिटलात पेढे वाटले होते. हळदीतलं कर्क्युमिन सूज कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसतं. चिकटणीवरही त्याचे प्रयोग झालेत. कोणावर? उंदरांवर. उंदराचं पोट उघडायचं, आतड्याचा एक भाग ब्रशने किंवा गॉजने खरवडायचा, काही उंदरांना औषध द्यायचं, काहींना नाही, दोनेक आठवड्यांनी पुन्हा उघडून चिकटणीला गुण द्यायचे. अशा प्रयोगांत कर्क्युमिनने चिकटण कमी झाल्याचे निकाल आहेत. मधाचे आहेत, आल्याचे आहेत, कोरफडीचे आहेत, द्राक्षाच्या सालीतल्या रेझवेराट्रॉलचे आहेत. वाचून उत्साह वाटतो. पण यांतल्या बऱ्याच प्रयोगांत औषध थेट उघड्या पोटात ओतलेलं असतं. तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं, दुधातून घेतलं तरी. आणि माणसांमध्ये हळद, मध किंवा कुठलाही काढा तोंडाने घेऊन चिकटण टळते असं सिद्ध झालेलं नाही.

‘मग जास्त घेऊ, कॅप्सूल घेऊ’, हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. भाजीतली हळद आणि मिऱ्याचा अर्क घालून केलेली जास्त ताकदीची कॅप्सूल या एक गोष्टी नाहीत. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात झाल्या आहेत. आणि ऑपरेशनच्या आधी हळद, लसूण, आलं, गिंको यांच्या गोळ्या घेत असाल तर रक्त गोठायला वेळ लागू शकतो. पोटात सांडलेलं रक्त हेच तर चिकटणीचं खत. म्हणजे चिकटण टाळायला घेतलेली गोळी चिकटणीलाच मदत करायची. साधारण दोन आठवडे आधी असल्या गोळ्या बंद करतात. तुमच्या भूलतज्ज्ञाला विचारा आणि मुख्य म्हणजे त्यांना सांगा. बायका सगळ्या इंग्रजी गोळ्यांची नावं सांगतात आणि ‘हे काय, आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून बाकीचं पिशवीतच ठेवतात. वरणातली फोडणी मात्र चालू राहू द्या.

आयुर्वेदाचं नाव निघालंच आहे तर सुश्रुतांबद्दल सांगितलंच पाहिजे. सुश्रुतसंहितेत बद्धगुदोदर म्हणून जो आजार सांगितलाय तो म्हणजे अडलेलं आतडं. त्यासाठी नाभीच्या खाली डावीकडे पोट उघडायचं, चार बोटं आतडं बाहेर काढून तपासायचं, अडकलेला खडा किंवा केस काढायचा, आणि मग आतड्याला मध आणि तूप लावून ते पुन्हा जागेवर ठेवून पोट शिवायचं. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घ्यायच्या आणि त्यांची धडं तोडून डोकी तिथेच ठेवायची, हेही तिथलंच. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थक्क झाले. मध-तूप चिकटू नये म्हणून लावत असतील असा माझा सर्जन म्हणून अंदाज, पण कल्पना बघा: आतडं परत ठेवताना त्यावर काहीतरी लावून ठेवायचं. तोंडाने द्यायचं नाही, आतड्यावर लावायचं, ऑपरेशनच्या त्याच क्षणी. मेसेज पाठवणाऱ्यापेक्षा सुश्रुत चिकटणीच्या कितीतरी जवळ होते.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य सर्जननीही हीच वाट चोखाळली. ऑलिव्ह तेल, पातळ पॅराफिन, काय काय पोटात ओतून पाहिलं. अमेरिकेतल्या ऑक्सनर यांनी तर पपईच्या चिकातलं पेपेन वापरलं, त्यावरचा त्यांचा लेख 1936 सालचा आहे. आपण मटण शिजायला कच्ची पपई लावतो ना, तोच गुण. तर्क बिनचूक होता, फायब्रिन हे प्रथिन आणि पेपेन प्रथिन तोडतं. पण जे नको ते तोडायचं आणि हवं ते सोडायचं एवढी अक्कल पपईला नसते. ती पद्धत टिकली नाही.

आणि आता मला ज्यासाठी हा विषय आवडतो ती गोष्ट. वनस्पतीपासून केलेले चिकटणीवरचे उपाय आज खरोखर आहेत, फक्त ते स्वयंपाकघरात नाहीत, ऑपरेशन थिएटरात आहेत. सेल्युलोज म्हणजे झाडाच्या, कापसाच्या तंतूतला पदार्थ. त्यावर प्रक्रिया करून जाळीसारखं कापड करतात, ते जखमेच्या जागी अंथरलं की काही तासांत त्याची जेली होते आणि दोन पृष्ठभाग एकमेकांना लागत नाहीत. मग ते विरघळून जातं. इंटरसीड हे त्याचं नाव, 1989 पासून वापरात आहे. मात्र रक्त पूर्ण थांबलेलं असायला हवं, नाहीतर उलटा परिणाम. दुसरं सेप्राफिल्म, त्यात सेल्युलोजचाच एक प्रकार असतो, जो आइस्क्रीम दाट करायलाही घालतात. त्याचा पारदर्शक पडदा आठवडाभर राहतो. म्हणजे नेमका जो आठवडा धोक्याचा तेवढाच. आतड्याची ऑपरेशनं झालेल्यांच्या एका मोठ्या चाचणीत त्याने चिकटणीमुळे पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण शेकडा 3.4 वरून 1.8 वर आलं. पण आतडं अडण्याचं एकूण प्रमाण दोन्हीकडे सारखंच राहिलं, आणि आतड्याच्या ताज्या जोडावरच तो पडदा गुंडाळला तर जोड गळण्याचा धोका वाढतो असं आढळलं. म्हणजे उपयोग आहे, जादू नाही. तिसरा उपाय आयकोडेक्स्ट्रिनचं पाणी. हे मक्याच्या स्टार्चपासून करतात, म्हणजे आपल्या कॉर्नफ्लोअरची बहीणच. ऑपरेशन संपताना लिटरभर पोटात ठेवायचं, तीन-चार दिवस आतडी त्यात तरंगतात, मग ते शोषलं जातं.

याच मक्याच्या पिठाने एकेकाळी काय केलं तेही ऐका. सर्जनचे रबरी हातमोजे सहज चढावेत म्हणून त्यांना पावडर लावायचे. सुरुवातीला एका नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची पावडर होती, मग टाल्क आलं, मग 1940 नंतर मक्याचं पीठ. सगळ्यांनी पोटात गाठी आणि चिकटणी केल्या. अमेरिकेत 2017 साली पावडरच्या हातमोज्यांवर बंदीच आली. आम्ही तरुणपणी हात धुवायचो मोजे घातल्यावर, खारट पाण्याने, आणि सिस्टर वेळ मोजायच्या. तेव्हा ‘वनस्पतीजन्य आहे, अपाय होणार नाही’ असं कोणी म्हटलं की मला ती पावडर आठवते. तोच मका, रूप बदललं की एकदा रोग, एकदा औषध.

आता एरंडेल. इथे मात्र मी थोडी कडक होणार आहे. एरंडेलाचं गरम फडकं पोटावर ठेवलं तर शेकाने बरं वाटतं, ठेवा. आतली चिकटण त्याने सुटत नाही. पण पोटात घ्यायचं एरंडेल हा वेगळा मामला. माझ्याकडे एक पन्नाशीच्या बाई आल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलेलं. पोटात कळा येत होत्या, उलट्या होत होत्या, दोन दिवस पोट साफ नाही. घरच्यांनी मायेनेच एरंडेल दिलं. पुन्हा कळा, पुन्हा एरंडेल, वर ओव्याचा काढा. तिसऱ्या दिवशी आणल्या तेव्हा पोट ढोलासारखं फुगलेलं, नाडी धावत होती. उघडलं तर चिकटणीच्या एका दोरीखाली आतड्याचं वेटोळं अडकून काळं पडलेलं. दोन फूट आतडं काढावं लागलं. दोरी करंगळीएवढीही जाड नव्हती, कात्रीच्या एका टोकाने सुटली. बाई वाचल्या, पण पहिल्या दिवशी आल्या असत्या तर कदाचित सलाईन आणि नाकातल्या नळीवरच भागलं असतं. तशा पुष्कळ केसेस ऑपरेशनशिवाय सुटतात. पुढचा दरवाजा बंद असताना मागून ढकलायचं, म्हणजे रेचक द्यायचं, हे धोक्याचं आहे.

म्हणून ज्यांनी मघाशी हात वर केले त्यांनी एवढं लक्षात ठेवा. पोटात लाटांसारख्या कळा, उलट्या, विशेषतः हिरव्या, पोट फुगणं, आणि शौच नाही नि वाराही सरत नाही, असं एकत्र झालं की काढा नाही, एरंडेल नाही, एनिमा नाही, खायचं-प्यायचं नाही, सरळ हॉस्पिटल. रात्रीचे दोन वाजले असले तरी. वॉचमनला उठवा, रिक्षा मिळते. आणि तिथे गेल्यावर पहिलं वाक्य ‘माझं अमुक साली पोटाचं ऑपरेशन झालंय’ हे.

मग आधीच टाळायला काय करायचं? खरं सांगायचं तर बरंचसं आमच्या हातात असतं. हलक्या हाताने काम करणं, पेशी ओल्या ठेवणं, रक्त नीट थांबवणं, जंतुसंसर्ग होऊ न देणं. दुर्बिणीतून ऑपरेशन शक्य असेल तर चिकटण साधारण कमी होते. तुमच्या हातात आहे ते प्रश्न विचारणं: दुर्बिणीने होईल का, चिकटण टाळायला काही वापरणार का. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, हे ऑपरेशन लागतंच का. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात चर्चा झाली, चौकशी समिती नेमली गेली. ऐन तिशीत गर्भाशय गेलेल्या त्या बायकांच्या पोटात पुढे काय काय चिकटेल याचा हिशेब कोण ठेवणार? शहरातही ‘काढून टाका एकदाची कटकट’ म्हणणाऱ्या पुष्कळ भेटतात. दुसरं मत घ्या.

ऑपरेशननंतर लवकर उठून चालायला लावतात, ते चालाच. त्याने चिकटण टळते असं मी म्हणणार नाही, पण आतडी लवकर कामाला लागतात आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

(यानंतर श्रोत्यांनी विचारलेले काही प्रश्न.)

‘सिझेरियननंतर टाक्याच्या आत ओढल्यासारखं दुखतं. चिकटण सोडवून घ्यावी का?’

आधी दुखण्याची बाकीची कारणं तपासून घ्या. साध्या सोनोग्राफीत चिकटण सहसा दिसत नाही, तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून तुम्ही नाटक करताय असं कोणी म्हणू नये. पण सोडवण्याचं ऑपरेशन हेही ऑपरेशनच, त्याने नवीन चिकटण होते. हॉलंडमध्ये नुसत्या दुखण्यासाठी आलेल्या 100 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2003 साली ती लॅन्सेटमध्ये आली. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली, निम्म्यांच्या चिकटणी सोडवल्या, निम्म्यांच्या नुसत्या बघून ठेवल्या, आणि कोणाचं काय केलं ते रुग्णांना सांगितलं नाही. वर्षभराने दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम होता. तेव्हा नुसत्या दुखण्यासाठी घाई नको. आतडं अडत असेल तर गोष्ट वेगळी.

‘इसबगोल घेतलेलं चालेल का?’

बद्धकोष्ठ असेल आणि आतडं मोकळं असेल तर भरपूर पाण्याबरोबर चालेल. ज्यांचं आतडं एकदा चिकटणीने अडलं आहे त्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय नको. कमी पाण्यात ते आतच फुगून बसतं. अशा लोकांनी पेरूच्या बिया, संत्र्याच्या फोडींची सालं, कच्ची पातीभाजी हेसुद्धा जपून आणि बारीक चावून.

‘सुनेचं सिझेरियन झालंय. डिंकाचे लाडू, अळीव द्यायचे की नाही?’

द्या की. त्याने चिकटण वाढत नाही आणि कमीही होत नाही. तिचं पोट सुटलं, वारा सरायला लागला, साधं जेवण पचायला लागलं, की मग द्या. सकाळी एक पुरे, आणि तो तिला आवडत असेल तर.

‘जुनी फाईल फेकून दिली तर चालते का? घरात जागा नाही.’

नाही चालत. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनमध्ये काय केलं त्याचा कागद, या दोन गोष्टी सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटबरोबर त्याच पिशवीत ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवून ठेवा.